तिसऱ्या बेसचा देव

बाईंना आमची नावे ठाऊक नव्हती असे नाही. शाळेच्या वर्गात त्या आम्हाला नावानेच हाक मारीत. पण सॉफ्टबॉलच्या मैदानावर पाऊल टाकले की आमची नावे गळून पडत आणि आम्ही आपापल्या जागांनी ओळखल्या जात असू. ए पिचर, पाणी पी. ए सेकंड बेस, वेणी बांध. हा रिवाज त्यांनी मैदानापुरता ठेवला असता तरी चालले असते; पण एकदा जी मुलगी ज्या जागेवर उभी राहिली, ती त्यांच्या लेखी जन्मभर तिथेच उभी राहिली. भोसरीच्या मंडईत, चार माणसांच्या देखत, “राइट फील्ड, वांगी कशी घेतली गं?” असे त्यांनी मला विचारले, तेव्हा मी दोन मुलांची आई होते. आमच्या कॅचरच्या लग्नात तर त्या वरमाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आमची कॅचर हाय ही. हिच्या हातातनं भांडं सुटायचं न्हाई. पर अंगावर कोण धावून आलं तर ही बाजूलाबी सरायची न्हाई, तेवढं ध्यानात ठिवा.” वरमाईला सॉफ्टबॉल म्हणजे काय ते माहीत नव्हते; धमकी मात्र कळली असावी.

बाई चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आमच्या शाळेत लागल्या, पण गावची बोली त्यांनी सोडली नाही. मुख्याध्यापिकांनी एकदा त्यावर नापसंती दाखवली, तेव्हा म्हणाल्या, “शिट्टीला कुठली बोली आसती, बाई? मला तीच जास्त वाजवायची हाय.”

संघ नुसत्या शाळकरी मुलींचा नव्हता. शाळा सुटून आसपासच्या छोट्या कारखान्यांत पॅकिंगला लागलेल्या मुलीही त्यात होत्या, आणि त्यांना सुटी गुरुवारची. आमच्या पट्ट्यात रविवार हा इतरांचा वार असतो. म्हणून सरावही गुरुवारीच होई. आमच्यासारख्या विद्यार्थिनींचे शेवटचे दोन तास बाईंनी मुख्याध्यापिकांकडून कसे मागून घेतले, ते मला आजवर कळलेले नाही.

त्यांच्या शिकवण्याची रीत सांगितली तर अतिशयोक्ती वाटेल. फलंदाजीचा सराव सुरू झाला की त्या मैदानाकडे पाठ करून बसत. समोर करडईच्या तेलाची वाटी, मांडीवर आमचे मोजके ग्लोव्ह. एकेका ग्लोव्हचे चामडे त्या तेलाने चोळत राहत आणि बॅटवर चेंडू बसल्याच्या आवाजावरून बोलत. “बुडख्यावर बसला. वर उडालाय. फर्स्ट बेस, तुजा हाय.” पुष्कळदा ते बरोबर निघे. कधी चुकेही, मग “वारा आडवा हाय” म्हणून तेलात बोट बुडवीत. आम्ही तोंडावर ग्लोव्ह धरून हसत असू आणि त्या तेलाचा वास घरी जाईपर्यंत नाकातून जात नसे.

‘सॉरी’ हा शब्द त्यांच्या मैदानावर चालत नसे. हातून झेल सुटला आणि तोंडातून सॉरी निघाले की त्या मुलीला कडेला बसवीत. “सॉरी म्हणंस्तवर रनर पुढल्या बेसला जाती. आधी चेंडू टाक. माफी घरी जाऊन आईला माग.” आम्ही हे इतके अंगी बाणवले होते, की पुढे संसारात आमच्यापैकी काही जणींना तो शब्द वेळेवर सुचला नाही, अशी तक्रार मी ऐकली आहे. स्वतः बाईंनाही तो कधी सुचला नव्हता. पण ते पुढे.

सामन्याला आम्ही पीएमटीने जात असू. बसमध्ये जागा रिकाम्या असल्या तरी बसायचे नाही आणि उभे राहिल्यावर वरचा दांडा धरायचा नाही, असा बाईंचा दंडक होता. तोल पायात यायला हवा म्हणून. नाशिक फाट्याच्या वळणावर आम्ही सगळ्या एका अंगाला कलत असू. कंडक्टर वैतागून म्हणे, “अहो बाई, पोरी पडतील की.” बाई शांतपणे उत्तर देत, “पडल्या तर मी उचलीन. तुमी तिकिटं फाडा.”

आता मैदानाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यातून आले.

चऱ्होलीच्या गायरानात एका अंगाला विहीर होती आणि दुसऱ्या अंगाला विजेचा उंच मनोरा. या दोहोंच्या मध्ये सॉफ्टबॉलचे मैदान एकाच रीतीने बसत होते. बाईंनी दोरीने मापे घेतली, फक्की टाकली, आणि धाव काढायला पळणारीने क्रमाने शिवायच्या तीन बेसपैकी तिसरा नेमका एका शेंदूर लावलेल्या दगडावर आला. तो गावाचा म्हसोबा. बाईंचे चुलते आबा काठी टेकीत आले आणि म्हणाले, “पोरींचे पाय देवाला लागायचे न्हाईत. तुजं ते पोतं तिकडं सरकव.”

“माप बिघडंल, आबा.”

“मग खेळ बंद कर. आमचा देव काय हलायचा न्हाई.”

“न्हाई हलला तर न्हाई,” बाई म्हणाल्या. “आमचा बेसबी न्हाई हलायचा. देवच आमचा बेस. पाय न्हाई लावायच्या पोरी, हात लावत्याल. मग तर झालं?”

आबा काठी टेकीत माघारी गेले. देवाला हात लावायला कोण अडवणार? त्या दिवसापासून आमच्या मैदानावर तिसऱ्या बेसशी पोचलेली मुलगी धावता धावता वाकून दगडाला बोटे लावी आणि पुढे जाई. हाताने बेसला स्पर्श केलेला नियमाला चालतो, म्हणून तेवढी अडचण नव्हती. अडचण होती ती वेगाची. वाकले की वेग मोडतो. बाई ते जाणून होत्या. बाहेरच्या सामन्याआधी शाळेच्या अंगणात कापडी बेस मांडून त्या आम्हाला वेगळे पळवीत आणि पुन्हा पुन्हा बजावीत, “हितं हात, भाईर पाय.” देवापासून थोडे हटून बेस मांडला असता तर मैदान किंचित वाकडे झाले असते, एवढेच. पण बाईंनी एकदा मांडलेले हलवले नाही. हट्ट कुणाचा मोठा, आबांचा की बाईंचा, याची गावात चर्चा होई, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटे.

आमच्या संघात खरी खेळाडू एकच होती. विमल. ती शॉर्टस्टॉपला खेळे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर, जिथे सगळ्यांत जास्त चेंडू येतात. मी राइट फील्डला होते, जिथे सगळ्यांत कमी येतात. म्हणून मला तिचा खेळ पाहायला भरपूर वेळ मिळे. ती धावायला लागली की बाई मांडीवरचा ग्लोव्ह खाली ठेवून मागे वळत. एवढा मान त्यांनी दुसऱ्या कुणालाच दिला नाही.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. दोघी बाद झाल्या होत्या, तिसरी बाद झाली की सामना संपणार. विमल पहिल्या बेसवर. आमच्या कॅचरने चेंडू असा मारला की तो त्यांच्या लेफ्ट फील्डच्या डोक्यावरून गेला. विमल दुसऱ्या बेसवरून वळली, तिसऱ्याकडे आली. चेंडू अजून लांब होता. तिथे देव नव्हता, कापडी बेस होता. विमल वाकली. तिने बोटे बेसला लावली, तीच छातीशी नेली, आणि मग घराकडे, म्हणजे होम प्लेटकडे धावली. तोवर चेंडू त्यांच्या कॅचरच्या हातात आला होता.

मग समोरच्या बाजूने हसणे सुरू झाले. कुणीतरी ओरडले, “नारळ राहिला की गं फोडायचा.”

बाई उठून पंचांपाशी गेल्या. “आऊटच ना?” त्यांनी विचारले.

“आऊट, बाई.”

“व्हय. आऊटच.” आणि त्या आमच्या पिशव्या उचलू लागल्या.

परतीच्या बसमध्ये बाईंनी आम्हाला प्रथमच दांडा धरू दिला. कुणाला त्या काहीच बोलल्या नाहीत. विमललाही नाही. आम्हाला वाटले, हा त्यांचा मोठेपणा. दोष दिला नाही, याहून काय हवे? पण विमलच्या वाट्याला गाव आले. नळावरच्या बाया विचारीत, “विमल, देव पावला का गं?” ती पुढच्या गुरुवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चाकणकडच्या एका घरात तिचे लग्न झाले. बाईंना आमंत्रण होते. त्या गेल्या नाहीत. आमच्यापैकी कुणाचेही लग्न त्यांनी चुकवले नव्हते.

हे सारे मी विसरले होते, असे म्हणणार नाही. पण ते बाजूला पडले होते. गायरानाच्या बाजूने इमारती उठल्या. म्हसोबाला गृहसंकुलाच्या फाटकाशी टाइल्सचे छोटे देऊळ मिळाले. आणि दोन वर्षांपूर्वी वाकडचा एक तरुण मला शोधत पिंपळे सौदागरला आला. तो आयटीत होता, सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर सॉफ्टबॉल खेळे. या भागातले जुने हौशी खेळाडू आणि संघ शोधून एका रविवारी त्यांचा सत्कार करायचा, असे त्याच्या मंडळाने ठरवले होते. “मॅडम, तुमच्या टीमची लेगसी मोठी आहे,” तो म्हणाला, “पण तुमच्या बाई फोन उचलत नाहीत.”

मी त्याला घेऊन बाईंकडे गेले. भावाच्या मुलांनी शेत विकल्यावर मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या राहत होत्या. शरीर वाळले होते, आवाज नाही.

“लेगसी म्हंजे?”

“वारसा, बाई,” मी म्हणाले.

“मग तलाठ्याला बोलवा. त्याच्याबिगर वारस लागत न्हाई.” मग त्या तरुणाला लाडू देऊन त्यांनी विचारले, “सगळा संघ बोलावलाय?”

तो म्हणाला, सगळ्यांशी बोलणे झाले, फक्त विमलताई नाही म्हणाल्या.

बाईंनी लाडवाचा डबा बंद केला. “ती आली तर मी येणार. न्हाईतर ती ढाल का काय ती तुमच्या घरी ठिवा.”

गुरुवार पाहून मी बाईंना घेऊन चाकणला गेले. विमल तिथल्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करीत होती, आता सुपरवायझर झाली होती. केस पांढरे झाले होते, पण दार उघडून बाजूला सरकली ती तशीच, पायांच्या चवड्यांवर. तिने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिले आणि समोर उभी राहिली.

“बस की, शॉर्टस्टॉप,” बाई म्हणाल्या.

“रविवारी माझी शिफ्ट आहे, बाई.” आम्ही अजून काही विचारलेच नव्हते.

“ती बदलता येती. मी शिफ्टसाठी आले न्हाई.” बाईंनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. “त्या दिवशी चूक माजी हुती. दगड सोडून बेस मांडायला मला कुणी आडवलं नव्हतं. मी हट्टाला पेटले. तुला वाकायची सवय मी लावली. हे तवाच सगळ्यांदेखत बोलायला पायजे हुतं. न्हाई बोलले. तू माफ कर.”

हा शब्द बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटले, विमल रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा कठीण झाला.

“इतकी वर्षं तुम्ही असं समजत होता? सवय म्हणून?”

“मग?”

“सगळं गाव तेच म्हणायचं. बिचारी, सवयीनं वाकली. मला एकानंबी विचारलं नाय.” ती आता बसली. “मला पक्कं आठवत होतं, बाई. भाईर पाय. तुम्ही सांगितलेलं कानात वाजत होतं. पण मी बघितलं, चेंडू लांब आहे. म्हटलं, आपण पोचलोच. सगळं मैदान बघतंय. तर जाता जाता आपल्या मैदानासारखा हात लावावा, आपली खूण दाखवावी. तोरा होता तो माझा. तुमची शिकवण नव्हती.”

खालून कंपनीची बस गेली. बाई विमलकडे बघत होत्या, त्या नजरेत राग होता की सुटका, मला सांगता येणार नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “फेकीला हात चांगला हुता त्यांच्या लेफ्ट फील्डचा.”

“लई चांगला होता,” विमल म्हणाली, आणि दोघी हसल्या. ते हसू लगेच विझले.

“मग रविवारी येतीस?”

“नाय. मला सत्कार नको. जे मी घालवलं त्यासाठी हार कशाला घ्यायचा?”

“मग मीबी न्हाई.”

“तुम्ही जायचं,” विमल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण बाईंशी अशा स्वरात बोललेले मी कुणालाच ऐकले नव्हते. “तुम्ही नाय गेलात तर त्या सगळ्या पोरींचं माझ्यापायी दुसऱ्यांदा जाईल. ते मला नका लावू.”

बाई गेल्या. पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट. सभागृह भरलेले होते. बहुतेक जण नव्या वस्तीतले, आम्हाला न ओळखणारे. आम्ही एकेक जण शाल घेऊन उभ्या राहिलो. मग त्या तरुणाने बाईंना दोन शब्द बोलायची विनंती केली. बाईंनी माइक शिट्टीसारखा तोंडाजवळ धरला.

“आमी फायनल हरलो,” त्या म्हणाल्या. “माजी एक पोरगी थर्ड बेसला वाकली. ती वाकली, कारण मी तिला तसं शिकवलं. बेस चुकीच्या जागी मी मांडला हुता. चूक माजी. तिला हसायचं न्हाई कुणी.”

त्या सभागृहात विमलला हसलेले माणूस बहुधा एकही नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र खाली पाहत होते, कारण बाई जाणूनबुजून खोटे बोलल्या हे माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

परतताना गाडीत मी धीर करून विचारले, “बाई, विमल तर वेगळं म्हणाली होती.”

“ती म्हणली ते घरात. मैदानावरचं सगळं कोचचं आसतं.” आणि त्यांनी काच खाली केली, म्हणजे बोलणे संपले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर आम्ही जवळजवळ सगळ्या जमलो. विमलही आली होती, अर्धी सुटी टाकून, कंपनीच्या निळ्या शर्टावर ओढणी घेऊन. पिंडाला कावळा शिवला, माणसे उठू लागली, तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन पायरीवर बसली.

“ते भाषण मी मोबाइलवर पाहिलं,” ती म्हणाली. “कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. लई जणांनी फोन केला मला. म्हणाले, बघ, बाईंनी तुझी चूक अंगावर घेतली.”

“त्यांना तुझ्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं,” मी म्हणाले.

“ते कळतं गं मला. मी काय बाईंवर रागावले नाय.” तिने पाण्यात खडा टाकला. “पण बघ. त्या मैदानावर मी जे जे केलं ते सगळं बाईंनी सांगितलं म्हणून केलं. कुठं उभं राहायचं, कसं वळायचं, चेंडू कुठं टाकायचा. एवढी एक गोष्ट माझ्या मनानं केली. ती चुकली. पण माझी होती ना? बाई तीबी घेऊन गेल्या. मला ती परत पाहिजे.”

मी तिच्याकडे वळून पाहिले.

“तू शिकलेली आहेस,” ती उठत म्हणाली. “लिही कुठंतरी. बाईंचं चांगलं लिही, सगळं लिही. पण हेबी लिही.”

मी यापूर्वी कधी काही लिहिलेले नाही, आणि बाईंसारख्या व्यक्तीला शब्दांत धरण्याची माझी योग्यता नाही, हे जाणते. तरी विमलने सांगितले तेवढे तरी नीट नोंदवते. त्या अंतिम सामन्यात तिसऱ्या बेसवर आमची शॉर्टस्टॉप सवयीने वाकली नाही. बाईंची आज्ञा तिला स्पष्ट आठवत होती. चेंडू लांब आहे असे तिने पाहिले, सारे मैदान आपल्याकडे पाहत आहे हेही पाहिले, आणि ती आपल्या मनाने वाकली.